हॅलिबर्टन पडला, मॅकॉनेल उतरला

ओक्लाहोमा सिटी थंडर १०३, इंडियाना पेसर्स ९१. २०२५च्या एनबीए अंतिम फेरीचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना या आकड्यांवर संपला. अमेरिकेत तेव्हा रविवार, २२ जूनची रात्र होती आणि आपल्याकडे सोमवार, २३ जूनची सकाळ. पेसर्सचा मुख्य पॉइंट गार्ड टायरीस हॅलिबर्टन खेळ सुरू झाल्यावर सातव्या मिनिटाला जायबंदी होऊन बाहेर गेला. त्यानंतर संघाची सूत्रे बऱ्याच अंशी टी. जे. मॅकॉनेल या बदली पॉइंट गार्डच्या हाती आली. सामना संपला तेव्हा मॅकॉनेलच्या नावावर १६ गुण होते आणि ७ टर्नओव्हरही. टर्नओव्हर म्हणजे बास्केटकडे फेक न करताच चेंडू समोरच्यांच्या हवाली होणे.

या सातच्या आकड्यावरून जो वाद पेटला, तो बास्केटबॉल पाहणाऱ्या मंडळींत अजून मिटलेला नाही. बदली खेळाडूने सामना घालवला, असे एका बाजूचे म्हणणे. माझे म्हणणे वेगळे आहे. चुका त्याच्याकडून झाल्या आणि त्या महागात पडल्या, हे मान्य. पण हा सामना सहा दिवस आधीपासून पेसर्सच्या हातून निसटू लागला होता, आणि तो तिसऱ्या क्वार्टरपर्यंत जिवंत राहिला याचे मोठे श्रेय मॅकॉनेलचे आहे. हे नीट समजायचे तर क्रम लावून पाहावे लागेल. इथे तो पुण्यातल्या खराडीच्या घड्याळाप्रमाणे लावला आहे, कारण अमेरिकेच्या वेळेवर जगणारी जी वस्ती पुण्यात आहे, तिचा मोठा हिस्सा इथेच राहतो आणि त्या सकाळी जागाही होता.

मंगळवार, १७ जून, सकाळ. सहा दिवस आधी

अंतिम फेरी २-२ अशी बरोबरीत. पाचवा सामना ओक्लाहोमा सिटीत. पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टन लंगडताना दिसला. तो आत गेला, उजव्या पोटरीवर पट्टी बांधून परतला आणि खेळत राहिला. पण त्या पायावर त्याचा भरवसा उरलेला नव्हता. सहा फेकींपैकी एकही बास्केट पडली नाही. सामनाभर मिळून ४ गुण, तेही फ्री थ्रोवरचे.

पेसर्स १२०-१०९ असे हरले. मात्र त्या हरलेल्या सामन्यातही एक गोष्ट ठळक दिसली. मॅकॉनेलने १८ गुण केले, त्यातले १३ एकट्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये, आणि मोठी पिछाडी भरून काढत संघाला झुंजीत परत आणले. पुढे सातव्या सामन्यात जे होणार होते त्याची ही रंगीत तालीमच म्हणायची. त्या दिवशी ती तशी कोणी वाचली नाही.

तपासणीत पोटरीचा स्नायू ताणल्याचे निष्पन्न झाले. चालता येत असेल तर खेळायचे, अशीच हॅलिबर्टनची भूमिका होती.

इथे जरा थांबायला हवे, कारण सगळ्या घटनाक्रमाचे मूळ या पोटरीत आहे. पोटरीचे स्नायू खाली एका जाड कंडऱ्यात उतरतात आणि तो कंडरा टाचेच्या हाडाला जोडलेला असतो. इंग्रजीत त्याला अकिलीस म्हणतात. स्नायू आणि कंडरा ही एकच साखळी. स्नायू दुखावला असेल तर झटक्याने जोर लावताना त्याचा भार पुढच्या कडीवर जाण्याची भीती असते. हे बास्केटबॉलच्या जगाला नवे नव्हते. २०१९ साली गोल्डन स्टेट वॉरियर्सचा केविन ड्युरंट पोटरीच्या दुखापतीमुळे महिनाभर बाहेर होता. अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात तो परतला आणि त्याच सामन्यात त्याचा उजवा अकिलीस तुटला. प्रत्येक पोटरीचा शेवट असा होत नाही, आणि कोणी बेफिकिरी केली असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण धोका होता, तो सगळ्यांसमोर होता, आणि तो पत्करला गेला.

शुक्रवार, २० जून, सकाळ. तीन दिवस आधी

ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दाखल होण्याचा हा दिवस. तिकडे इंडियानापोलिसमध्ये सहावा सामना, आणि पेसर्ससाठी करो या मरो. मध्यंतराला ६४-४२, तिसऱ्या क्वार्टरअखेर ९०-६०. शेवटी १०८-९१ असा एकतर्फी विजय.

हॅलिबर्टन २३ मिनिटे खेळला आणि त्याने १४ गुण केले. मॅकॉनेलचे आकडे मात्र पुन्हा वाचावेत असे: १२ गुण, ९ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर मिळवलेला चेंडू), ६ असिस्ट (बास्केट घडवणारा पास), ४ स्टील (समोरच्याकडून पळवलेला चेंडू). हे बाकावरून उतरलेल्या सहा फूट एक इंच उंचीच्या माणसाचे आकडे आहेत.

मालिका ३-३. एनबीएच्या अंतिम फेरीत सातवा सामना खेळला जाणार होता तो २०१६ नंतर पहिल्यांदाच. आणि इथेच एक अवघड गोष्ट घडली, जी विजयाच्या गोंगाटात लक्षात येत नाही. पाय दुखावलेला असूनही हॅलिबर्टनसह संघ १७ गुणांनी जिंकला, त्यामुळे 'तो सातवा सामना खेळेल का' हा प्रश्नच मागे पडला. तो खेळणार हे सगळ्यांनी गृहीत धरले. मॅकॉनेल या तीन दिवसांत बदली खेळाडूच राहिला.

रविवार, २२ जून, संध्याकाळ. सुमारे बारा तास आधी

पालख्या मुक्काम आटोपून पुण्याबाहेर पडल्या होत्या. अंतिम सामन्याला अजून एक रात्र बाकी होती. तेवढ्यात दोन्ही बाजूंची मांडणी पाहून घेऊ.

पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेणारा, कोणाला कुठे द्यायचा ते ठरवणारा आणि संघाची चाल राखणारा खेळाडू. हॅलिबर्टन या कामात अव्वल गणला जातो. त्या हंगामात सामन्यामागे सरासरी ९.२ असिस्ट आणि टर्नओव्हर फक्त १.६. चेंडू सतत फिरवायचा पण गमवायचा नाही, या एका सवयीवर प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी आख्खा संघ उभा केला होता. प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, मिलवॉकी, क्लीव्हलँड आणि न्यूयॉर्क या तिन्ही संघांविरुद्ध हॅलिबर्टनने शेवटच्या क्षणी बास्केट टाकून सामना खेचून आणला होता. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यातही ०.३ सेकंद उरले असताना त्याच्याच फेकीवर पेसर्स १११-११० असे जिंकले होते.

मॅकॉनेल अगदी निराळा. जन्म १९९२चा, पिट्सबर्गचा. वडील शालेय बास्केटबॉलचे प्रशिक्षक. २०१५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला कोणत्याही संघाने निवडले नाही. फिलाडेल्फियाने संधी दिली, तिथे तो टिकला आणि २०१९ पासून इंडियानात आहे. सामन्यामागे साधारण १८ मिनिटे मिळतात, आणि त्या १८ मिनिटांत समोरच्यांची घडी विस्कटून टाकायची हे त्याचे काम. समोरच्या संघाने बास्केट खाल्ली की त्यांचे खेळाडू जरा सैलावतात, बेसलाइनबाहेरून चेंडू निवांत आत टाकतात. मॅकॉनेल पाठ फिरवून परत निघाल्यासारखे करतो आणि झर्रकन वळून तो चेंडू पळवतो. मार्च २०२१ मध्ये क्लीव्हलँडविरुद्ध एका सामन्यात त्याने १० स्टील केले होते, त्यातले ९ पूर्वार्धातच. या अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यात पंधरा मिनिटांच्या खेळात १० गुण, ५ असिस्ट आणि ५ स्टील.

आक्रमणात त्याची एक ठरलेली चाल आहे. रक्षकाच्या खांद्याला खांदा लावून आत शिरायचे, बास्केटखालून बेसलाइनने पलीकडे निघून यायचे, टप्पा चालूच ठेवायचा आणि रक्षक क्षणभर गोंधळला की मागे झुकत दहा-बारा फुटांवरून छोटी फेक करायची. हे पाहायला मजा येते. पण या चालीत चेंडू बराच वेळ गर्दीत राहतो. थोडा वेळ, समोर थकलेले किंवा दुसऱ्या फळीचे रक्षक असताना, ते चालून जाते.

आता समोर कोण होते ते पाहा. थंडरने नियमित हंगामात ८२ पैकी ६८ सामने जिंकले होते. प्रतिस्पर्ध्यांना सर्वाधिक टर्नओव्हर करायला लावणारा संघ तोच. लुगेंट्झ डॉर्ट, केसन वॉलेस, अ‍ॅलेक्स करूसो, जेलन विल्यम्स अशी रक्षकांची रांग, आणि त्यांना चुकवून आत आलेल्यासाठी बास्केटजवळ सात फुटी चेट होल्मग्रेन. शिवाय सामना त्यांच्या घरच्या पेकॉम सेंटरमध्ये. अंतिम फेरीच्या याआधीच्या १९ सातव्या सामन्यांपैकी १५ यजमानांनी जिंकले होते.

सोमवार, २३ जून, पहाटे साडेचार. एक तास आधी

या वेळी खराडी जागी असते. ईऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि आसपासच्या इमारतींत अमेरिकी ग्राहकांचे काम रात्रभर चालते. बायपासच्या चौकात कॅबची ये-जा सुरू असते. कोणी घरी निघालेला, कोणी नुकताच पोचलेला. रविवारच्या रात्री ही गर्दी विरळ असते, कारण अमेरिकेतही सुट्टी. पण सामना पाहणाऱ्यांसाठी ही वेळ सोयीचीच. साडेपाचला सुरू होईल, आठच्या पुढेमागे संपेल, त्यानंतर अंघोळ करून ऑफिस गाठता येईल.

या भागातल्या बऱ्याच सोसायट्यांत अर्धे का होईना, बास्केटबॉलचे कोर्ट आहे. भारताच्या महिला संघातून खेळलेली शिरीन लिमये पुण्याचीच. क्रिकेटच्या मानाने हा खेळ पाहणारे इथे थोडे असतील, पण जे आहेत ते पहाटे उठून पाहणारे आहेत.

साडेपाच. सामना सुरू

हॅलिबर्टन पहिल्या पाचांत. आणि पहिल्या काही मिनिटांत तरी शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली. एक थ्री (लांबून टाकलेली तीन गुणांची फेक) पडला, दुसरा पडला, मग तिसरा. फेकी दुरून, न कचरता, आणि पाय दुखतोय याची पुसटशीही खूण नाही. सात मिनिटांत ९ गुण. घरच्या प्रेक्षकांचा आवाज चढलेला असतानाही पेसर्स खांद्याला खांदा लावून उभे होते. गुणफलक १६-१६.

सहाच्या जरा आधी. पहिल्या क्वार्टरची ४ मिनिटे ५५ सेकंद बाकी

हॅलिबर्टनने थ्री-पॉइंट रेषेच्या बाहेर चेंडू घेतला आणि आत घुसण्यासाठी उजव्या पायाने जोर लावला. त्याच क्षणी तो कोसळला. कोणाचा धक्का लागला नाही, कोणाचा पाय आड आला नाही. चेंडू हातातून सुटला. तो पालथा पडून तळहाताने लाकडी फरशीवर आपटत राहिला. खेळ थांबला, सहकारी भोवती गोळा झाले. उजवा पाय जमिनीला न टेकवता, डोक्यावरून टॉवेल घेऊन त्याला आत नेण्यात आले.

ही अकिलीसची दुखापत आहे, असे त्याच्या वडिलांनी प्रसारण करणाऱ्या वाहिनीला थोड्याच वेळात सांगितले. त्या प्लेऑफमध्ये अकिलीस तुटलेला हा तिसरा मोठा खेळाडू. एप्रिलमध्ये डेमियन लिलार्ड, मे महिन्यात जेसन टेटम, आणि आता हॅलिबर्टन.

बदली खेळाडूच्या भूमिकेची चर्चा या क्षणापासून व्हायला हवी. मॅकॉनेल मुख्य खेळाडूला दोन मिनिटे उसंत द्यायला उतरत नव्हता. ४१ मिनिटांचा खेळ बाकी, मुख्य खेळाडू परतणार नाही हे ठाऊक, डाव अंतिम फेरीच्या शेवटच्या सामन्याचा, आणि नव्याने काही आखायला सवड एका टाइम-आउटएवढी.

सव्वासहा ते पावणेसातच्या सुमारास. दुसरा क्वार्टर

पहिला क्वार्टर संपला तेव्हा थंडर २५, पेसर्स २२. इतकेच अंतर. पेसर्स मोडले नाहीत. चेंडू पुढे नेण्याचे काम अँड्र्यू नेम्बहार्ड आणि मॅकॉनेल यांनी वाटून घेतले. पास्कल सियाकम आणि बेनेडिक्ट मॅथ्युरिन यांनी गुणांची बाजू सांभाळली. दुरून मारलेले थ्री पडत राहिले.

मध्यंतराला काही सेकंद उरले असताना नेम्बहार्डने मागे सरकून एक थ्री टाकला आणि पेसर्स ४८-४७ असे पुढे गेले. मुख्य खेळाडू गमावून, परक्या मैदानावर, ६८ विजयांच्या संघाविरुद्ध एका गुणाची आघाडी. मॅकॉनेलला दोष देणाऱ्यांनी या मध्यंतराकडे पाहावे. तोवर तो दीड क्वार्टर या नव्या कामावर होता आणि संघ पुढे होता.

सातच्या पुढे. तिसरा क्वार्टर

वाद आहे तो या बारा मिनिटांवरून. म्हणून इथे सावकाश जाऊ.

विश्रांतीनंतर थंडरने आपला दाब वाढवला. चेंडू आणणाऱ्याच्या अंगावर एक ताजा रक्षक, तो दमला की दुसरा, आणि पासच्या वाटेत हात घालून उभा तिसरा. हॅलिबर्टन असता तर डॉर्टसारखा रक्षक त्याच्यामागे गुंतला असता आणि मॅकॉनेलच्या वाट्याला तुलनेने हलका पहारा आला असता, जसा आधीच्या सहा सामन्यांत येत होता. आता पहिल्या फळीचा सगळा पहारा त्याच्यावर आणि नेम्बहार्डवर होता.

मॅकॉनेलने त्याला जे येते तेच केले. आत शिरला, बेसलाइनने फिरला, मागे झुकून फेकले. पडले. पुन्हा तेच, पुन्हा पडले. त्या क्वार्टरमध्ये पेसर्सचे एकूण २० गुण झाले आणि त्यातले १२ एकट्या मॅकॉनेलचे. बाकी सगळ्या संघाचे मिळून ८.

चेंडू गेले तेही इथेच. गर्दीत शिरल्यावर मागून हात आला आणि चेंडू उडाला. कोपऱ्यातल्या सहकाऱ्याकडे टाकलेला पास मधल्यामध्ये अडला. थंडरसाठी असा चेंडू म्हणजे धावतच पुढे जाऊन सोपी बास्केट. गुणफलक बरोबरीत असताना शे गिलजस-अलेक्झांडर, होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स यांचे थ्री पाठोपाठ पडले. तोवर वाकडे जाणारे चेंडू अचानक सरळ जाऊ लागले होते. तिसरा क्वार्टर थंडर ३४, पेसर्स २०. गुणफलक ८१-६८.

माझ्या म्हणण्याचा गाभा असा: मॅकॉनेलचे १२ गुण आणि त्याचे टर्नओव्हर एकाच चालीतून आले. बास्केटखाली शिरून टप्पा जिवंत ठेवण्याची जी हिंमत गुण मिळवून देत होती, तीच चेंडू घालवतही होती. चुका वजा करून गुण तेवढे ठेवा, असा हिशेब मैदानात मांडता येत नाही. त्याने सावध खेळून चेंडू नुसता पुढे ढकलला असता तर टर्नओव्हर घटले असते आणि त्या १२ गुणांतले बरेचसेही गेले असते. त्या बारा मिनिटांत इंडियानाकडे दुसरा कोणता स्रोत होता? गुणपत्रक सांगते की जवळपास नव्हता.

पावणेआठच्या सुमारास. चौथा क्वार्टर

पेसर्सचा कणा मोडला तो इथे. क्वार्टर सुरू होताच थंडरने सलग ९ गुण घेतले. ९०-६८. बावीस गुणांची दरी.

तरी मॅथ्युरिनने हार मानली नाही. तो पुन्हा पुन्हा आत घुसत राहिला, फ्री थ्रो मिळवत राहिला. शेवटच्या दोन-अडीच मिनिटांत अंतर १० वर आले होते. सामन्याअखेर त्याचे २४ गुण आणि १३ रिबाउंड. तोही बाकावरूनच उतरलेला. त्या दिवशी पेसर्सकडून सर्वाधिक गुण करणारा खेळाडू राखीव फळीतला होता, हे बदली खेळाडूंवर खापर फोडताना विसरू नये.

आठनंतर. सामना संपला

१०३-९१. गिलजस-अलेक्झांडरचे २९ गुण आणि १२ असिस्ट; नियमित हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच, अंतिम फेरीचाही तोच. होल्मग्रेनचे १८ गुण आणि ५ ब्लॉक. ओक्लाहोमा सिटीत आल्यापासून या संघाचे हे पहिले विजेतेपद. १९७६ साली एनबीएत आलेल्या इंडियानाची पाटी कोरीच राहिली.

पेसर्सचे टर्नओव्हर वीसहून अधिक, थंडरचे दहाच्या आत. त्या चुकांवर थंडरने तीसहून अधिक गुण कमावले. ज्या संघाची ओळखच चेंडू न गमावण्याची, त्याने आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात इतके चेंडू गमावले. खेळाडू आत परतत होते तेव्हा हॅलिबर्टन कुबड्या घेऊन बोगद्यात उभा होता.

पावणेनऊ. चहाच्या टपरीवर

आयटी पार्कच्या बाहेर, एका हातात कटिंग आणि दुसऱ्यात मोबाईल. रात्रपाळी संपवून थांबलेला एक मित्र आणि दिवसपाळीला आलेला दुसरा. दोघेही सोसायटीच्या संघातून खेळतात, त्यातला एक पॉइंट गार्डच.

"सात टर्नओव्हर, अरे! एकट्याने सात!"

"आणि तिसऱ्या क्वार्टरचे बारा गुण कोणाचे? तुझ्या काकाचे?"

"ते ठीक आहे रे. पण हरलो बाराने. सात बॉल दिले, एकेकावर दीड गुण धर. साडेदहा तिथेच गेले. शिवाय आपली फेक गेली ती वेगळीच. बेरीज कर आणि सांग."

"मग त्याच्या जागी कोणाला उतरवायचं होतं, ते तू सांग."

पहिल्या मित्राचा मुद्दा कच्चा नाही. सात टर्नओव्हर, त्यांवर समोरच्यांनी मिळवलेले गुण आणि आपली वाया गेलेली संधी अशी बेरीज केली तर ती १२च्या पुढे जाऊ शकते. कागदावर तरी मॅकॉनेलच्या चुका नसत्या तर पेसर्स जिंकले असते, असे म्हणता येते.

पण या हिशेबात मोजमाप शून्यापासून धरले आहे, आणि तिथेच तो चुकतो. लीगमधल्या सर्वांत दडपण आणणाऱ्या बचावासमोर, संघाचा निम्म्याहून जास्त भार वाहत, एकही चेंडू न गमावता खेळणारा गार्ड कोणता? खुद्द हॅलिबर्टननेही ते केले नसते. योग्य तुलना दुसऱ्या मित्राने विचारली तीच: त्याच्या जागी कोण? नेम्बहार्ड आधीच मैदानात होता आणि त्याच्यावरही तेवढाच पहारा होता. तिसऱ्या फळीतला कोणी उतरवला असता तर टर्नओव्हर कमी झाले असते याची हमी नाही, आणि बारा गुण तर नक्कीच नसते.

उलटपक्षी, थंडरच्या बाकावरचा करूसो पाहा. तोही ड्राफ्टमध्ये न निवडलेला गार्ड, तोही मेहनतीवर वर आलेला. त्या रात्री त्याचे काम आधीच्या सहा सामन्यांत होते तेच राहिले: समोरच्यांना सतावायचे आणि मोकळी फेक मिळाली तर घ्यायची. त्याने ते चोख केले आणि त्याचे कौतुक झाले ते योग्यच. या दोघांतला त्या रात्रीचा मोठा फरक वाट्याला आलेल्या कामाचा होता. एकाला त्याचेच काम मिळाले. दुसऱ्याला ऐन सामन्यात दुसऱ्याचे काम मिळाले.

त्यानंतरचे दिवस

सोमवारी अमेरिकेत उजाडल्यावर पेसर्सने अकिलीस तुटल्याचे जाहीर केले. शस्त्रक्रिया झाली. २०२५-२६चा संपूर्ण हंगाम हॅलिबर्टन खेळणार नाही, हेही जुलैत स्पष्ट झाले. पुन्हा तशी वेळ आली तरी आपण खेळू, असे त्याने नंतर लिहिले. त्याच्या धैर्याबद्दल मला आदर आहे, आणि त्या अवस्थेत 'थांब' असे त्याला सांगणे कोणालाही सोपे नव्हते, हेही मला मान्य आहे. पण खेळायचा निर्णय घेतलाच होता तर त्याला जोडून दुसरा निर्णय हवा होता: पाय मध्येच सुटला तर पुढे काय? पोटरी दुखावल्यापासून सातव्या सामन्यापर्यंत सहा दिवस होते. पाचव्या आणि सहाव्या सामन्यात मॅकॉनेलने काय करता येते ते दाखवून दिले होते. सातव्या सामन्यात त्याच्या दिमतीला जे दिसले, ते त्याच्या नेहमीच्या पंधरा-अठरा मिनिटांसाठीच्या चालीच होत्या. तिसऱ्या क्वार्टरमध्ये दाब वाढला तेव्हा त्याला पास सोडायला मोकळा माणूस क्वचितच सापडत होता. माझी तक्रार आहे ती या तयारीबद्दल.

हा धडा एनबीएपुरता नाही. आपल्या आंतरमहाविद्यालयीन आणि सोसायट्यांच्या स्पर्धांतही दुसरा पॉइंट गार्ड सामना हातात आल्यावर, शेवटची दोन मिनिटे उतरवला जातो. सरावात तो पहिल्या पाचांसोबत क्वचितच खेळतो. त्यामुळे कोण कुठे धावणार, कोणाला चेंडू उंच लागतो आणि कोणाला जमिनीलगत, हे त्याला माहीत नसते. मग एखाद्या दिवशी मुख्य मुलाचा पाय मुरगळतो, याला 'जा, सांभाळ' म्हणून आत ढकलतात, आणि संध्याकाळी त्याच्याच चुका मोजतात. प्रशिक्षकांनी दर आठवड्याच्या सरावात एक क्वार्टर तरी दुसऱ्या गार्डला पहिल्या चौघांसोबत, पूर्ण कोर्टच्या दाबाखाली खेळवावा. त्याला ना पैसे लागतात, ना जादा मैदान.

आणि आपण पाहणाऱ्यांनी गुणपत्रक वाचताना टर्नओव्हरच्या रकान्यावर नजर जाण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. तो कोणाच्या जागी उतरला, कधी उतरला, आणि त्याच्यासमोर कोण उभे होते. मॅकॉनेलच्या बाबतीत उत्तरे अशी: संघाच्या सर्वोत्तम खेळाडूच्या जागी, सामन्याच्या सातव्या मिनिटाला, लीगमधल्या सर्वांत कडव्या बचावासमोर. ही तिन्ही उत्तरे मांडून त्याचे सात टर्नओव्हर खुशाल मोजा. ते त्याचेच आहेत. पण मग हेही त्याच पानावर लिहा की पेसर्स २३ जूनला हरले, आणि त्यांची हार तिसऱ्या क्वार्टरपर्यंत ज्यांनी लांबवली त्यांत पहिले नाव मॅकॉनेलचे होते.